शेपटीचं वजन



बारा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे किटवरून मोठं रिमोटचं विमान घरी बांधण्याचा. विमान का उडतं हे शाळेत शिकून झालेलं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. ज्यांनी थर्मोकोलचं लहान विमान उडवून हात बसवला आहे आणि आता दोन-अडीच मीटर पंखाचं लाकडी किट मागवायचा विचार चालवला आहे, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. तेही एकाच गोष्टीवर. शेपटीच्या वजनावर.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा नाद असलेली मंडळी थोडी आहेत, पण आहेत. खामगाव, चिखली, मलकापूरकडची मुलं-मुली माझ्याकडे येतात. कोणी एनसीसीतून आवड घेऊन आलेले असतात. नागपूरला एनसीसीची हवाई स्क्वाड्रन आहे. हवाई शाखेच्या कॅडेटांना विमानाच्या प्रतिकृती बांधायला आणि उडवायला शिकवतात, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. तर ही मुलं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, काका, इंजिन किती सीसीचं घेऊ? दुसरा प्रश्न, रिमोट किती चॅनेलचा? शेपूट किती ग्रॅमची झाली पाहिजे, हे आजवर एकानंही आपण होऊन विचारलेलं नाही. मुलांनो, तुमच्यावर रागावत नाही, पण वाईट वाटतं.

आमचं गाव घाटावरचं. कापूस निघाला की राजूर घाट उतरून मलकापूरला न्यायचा आणि येताना सरकी-ढेपेची पोती भरून घाट चढायचा. बंडी भरायचं काम वडील कुणावर सोपवत नसत. कुठलं पोतं आखाच्या पुढं आणि कुठलं मागं, हे ते स्वतः ठरवत. भरून झालं की बैल जुंपायच्या आधी जू दोन्ही हातांनी उचलून बघत. जू हाताला थोडं जड लागलं पाहिजे. आपोआप वर यायला लागलं तर बंडी उलाळ झाली, आणि एका माणसाच्यानं उचलेना तर धुरेला जड झाली. धुरेला जड झालेली बंडी चालते, बैलांचे खांदे सुजतात, पण ती घरी पोचते. उलाळ बंडी पोचत नाही. मागचं वजन खाली बसतं, जू वर उठतं, जोत्यांचा बैलांच्या गळ्याला फास लागतो. वडील ओरडायचे, "मांगं लादू नोको रे, गाडी उलाय होते!"

श्रोतेहो, विमानाचा पंख म्हणजे त्या बंडीचा आख. सगळा भार त्याच्यावर तोललेला असतो. नाकाशी इंजिन, मागे शेपूट, आणि वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तृतीयांश रुंदीवर यायला हवा. नकाशावर त्या जागी खूण छापलेली असते. मध्य त्या खुणेच्या थोडा पुढं आला तर विमान सुस्त उडतं, उतरताना नाक खाली घालतं, पण सांभाळता येतं. मागं गेला की वाऱ्याची एक झुळूक नाकाला वर उचलते आणि नाक परत खाली येतच नाही, आणखी वरच जातं. वेग संपतो, पंख वाऱ्यावरची पकड सोडतो आणि विमान एका अंगावर कोसळतं. उलाळ बंडीसारखंच, फक्त इथं जू धरायला हवेत कुणी नसतं.

आता आकडे घेऊ, कारण आकड्याशिवाय हे पटत नाही. किटांमध्ये पायपर कब फार लोकप्रिय आहे. खऱ्या विमानाचा पंख ३५ फूट ३ इंच, म्हणजे पाव मापाचं मॉडेल ८ फूट १० इंचांच्या आत-बाहेर, आपल्या हिशेबात सुमारे २.७ मीटर. लांबी १.७ मीटर. आपल्या घरातल्या दारातून ते जोडलेलं बाहेर निघत नाही, पंख वेगळे करावे लागतात. या कबचं नाक आखूड आहे. वजनाच्या मध्यापासून इंजिनाची जागा साधारण ४० सेंटिमीटर, आणि शेपूट १२० सेंटिमीटरवर. म्हणजे तिप्पट. शेपटीशी ५० ग्रॅम जास्त झाले तर ते तोलायला नाकात १५० ग्रॅम शिसं भरावं लागतं. ५० साठी १५०. मिळून २०० ग्रॅम जादा वजन, आणि त्या २०० ग्रॅमनी विमानाला काहीही दिलेलं नाही.

घाट चढताना माल मागं रेलायचा, तेव्हा वडील आम्हा पोरांना पुढं धुरेवर बसवायचे. नाकातलं शिसं म्हणजे ते पोर. पण वडील पोर बसवायचे ते चढापुरतं. सपाटीला आलो की म्हणायचे, उतरा, चाला पायी, बैलांना कशाला ओझं. शिशाला उतरा म्हणता येत नाही. एकदा भरलं की प्रत्येक उड्डाणाला ते बरोबर येणार. म्हणून माल भरतानाच नीट भरायचा. हेच मला सांगायचं आहे आणि हेच मी पुन्हा सांगणार आहे.

हे ५० ग्रॅम येतात कुठून? किटमधलं लाकूड बाल्साचं. दक्षिण अमेरिकेतलं झाड, बहुतेक लाकूड इक्वेडोरहून येतं. थोर हेयरडालनं १९४७ साली कोन-टिकी हा तराफा याच झाडाच्या ओंडक्यांचा बांधून प्रशांत महासागर पार केला होता, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या अंगातही हेच लाकूड होतं. हलकं म्हणून प्रसिद्ध, पण एका झाडाचं बाल्सा दुसऱ्याच्या दुप्पट जड असू शकतं. ३ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद, सुमारे ९१५ मिलिमीटर लांब अशा दोन पट्ट्या घ्या. एक २१ ग्रॅम भरेल, दुसरी ४०. डोळ्यांना फरक दिसत नाही. हातालाही चटकन कळत नाही. म्हणून मी खामगावहून एक लहान सराफी काटा आणला, चांदीच्या दुकानात असतो तसा. किटचा खोका उघडला की पहिलं काम, सगळ्या पट्ट्या काट्यावर ठेवायच्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं वजन लिहायचं. जड पट्ट्या पुढं, धडाच्या नाकाशी. सगळ्यात हलक्या शेपटीला. किटवाल्यानं शेपटीचा तुकडा जड लाकडातून कापून दिला असेल तर तो बाजूला ठेवा आणि हलक्या पट्टीतून तसाच दुसरा कापा. संकोच करू नका. नकाशा पवित्र नाही, काटा पवित्र आहे.

दुसरी गोष्ट, गोंद. सांध्यावर इपॉक्सी थापायची आपल्याकडे फार हौस. पुढं, इंजिनाच्या भिंतीला, चाकांच्या पायांना, पंखाच्या जोडाला इपॉक्सी हवीच, तिथं कंजुषी नको. शेपटीला साधा पांढरा गोंद, तोही बोटानं पुसून घेतलेला. चांगला बसलेला सांधा पातळ गोंदानंच पक्का होतो, आणि सैल सांधा जाड गोंदानंही सैलच राहतो. मग पॉलिश पेपर. शेपटीच्या कडा गोल करताना जो भुसा खाली पडतो ना, तो गोळा करून एकदा काट्यावर टाकून बघा. मी बघितला आहे, ६ ग्रॅम भरला. ६ ग्रॅम शेपटीत म्हणजे १८ ग्रॅम नाकात. मग रंग. सजावटीचे पट्टे, तिरंगा, नाव, नंबर, सगळं मुलं शेपटीवर काढतात. पंखावर काढा की! पंख आखावर आहे, तिथं चालतं.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. माझ्या पहिल्या मोठ्या विमानाचं काम सात महिने चाललं. भाचा आणि मी, रोज संध्याकाळी दोन तास. बैठकीच्या खोलीत जुनं सपाट दार चार खुर्च्यांवर टाकलं होतं, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर टाचण्यांनी टोचलेल्या फासळ्या. घरच्यांनी सात महिने बैठक सोडून दिली. शेपूट नाजूक वाटली म्हणून मी तिच्यावर पातळ कापड आणि इपॉक्सीचे दोन थर दिले. मजबूत झाली. तोल बघितला तेव्हा मध्य खुणेच्या मागं दोन बोटं आला. शिसं भरायला हवं होतं. मला वाटलं, एवढं सुरेख हलकं झालंय, त्यात शिसं कशाला कोंबायचं, दोन बोटांनी काय होतंय. फेब्रुवारीतली सकाळ होती. हरभरा निघालेलं शेत, गावातली चाळीसेक पोरं बांधावर ओळीनं बसलेली. विमान उठलं, नाक वर करून उठलं, आणि मी रिमोटची कांडी पूर्ण पुढं दाबली तरी नाक वरच राहिलं. झाडाच्या उंचीवर क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि शेजारच्या तुरीत पडलं. शेतमालकानं तुकडे गोणीत भरून आणून दिले, एक शब्द बोलला नाही. धड फुटलं, पंख तुटला, इंजिन मातीत रुतलं. शेपूट जशीच्या तशी शाबूत होती. भाचा ती हातात घेऊन परत येताना रस्ताभर रडला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्या दोन बोटांचा जाब मला आजही द्यावासा वाटतो, म्हणून ही बारा मिनिटं मी मागून घेतली.

एक माणूस इथं आठवतो. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे, जन्म १९०८. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या वायुगतिकीच्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकले, आणि पुढं बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानं आखली. एचटी-२ हे आपलं शिकाऊ विमान १९५१ साली उडालं, पुष्पक १९५८ साली. पुष्पक दोन माणसांचं, वर पंख असलेलं, कापड मढवलेलं, बरंचसं कबच्या घराण्यातलं. किती तरी फ्लाइंग क्लबांत पोरं त्याच्यावर शिकली. आपला मराठी माणूस, आणि आपल्या मुलांना अमेरिकन कब माहीत असतं, पुष्पक माहीत नसतं. कोणी तरी पुष्पकचं पाव मापाचं ड्रॉइंग करून घ्यायला हवं... हा वेगळा विषय आहे, त्याला वेळ नाही. सांगायचं हे की खऱ्या विमानातही उड्डाणापूर्वी वजन आणि तोलाचा हिशेब करावाच लागतो. लहान विमानात प्रवाशांना कधी कधी जागा बदलून बसायला सांगतात ते उगीच नाही. तिथंही बंडी भरणंच चाललेलं असतं.

आता करायचं कसं. शेपूट शेवटी चिकटवा. आधी इंजिन, टाकी, चाकं, बॅटरी, रिसीव्हर, सगळं जागेवर बसवा. शेपूट टाचण्यांनी आणि चिकटपट्टीनं तात्पुरती लावा. टाकी रिकामी, बॅटरी आत. कबच्या पंखाची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे खूण पुढच्या कडेपासून ११-१२ सेंटिमीटरवर येईल, तरी तुमच्या नकाशात असेल तीच खरी. दोघांनी दोन्हीकडून पंखाखाली खुणेवर एकेक बोट ठेवून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. वडील जू उचलून बघत, तेच हे. शेपूट खाली गेली तर शिशाकडे धावू नका. आधी बॅटरी पुढं सरकवा, अगदी इंजिनाच्या भिंतीपर्यंत. मग सर्व्हो. पुष्कळ जण शेपटीचे सर्व्हो शेपटीजवळच बसवतात, कारण काड्या आखूड लागतात. ते पंखाखाली आणा. एक जड सर्व्हो मागून पुढं आला की शिशाचा मोठा तुकडा वाचतो. एवढं करूनही उरलं तर शिसं, तेही शक्य तितकं पुढं आणि स्क्रूनं पक्कं केलेलं. सुटं शिसं हवेत मागं घरंगळलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

आपल्याकडच्या हवेचं थोडं. पावसाळ्यात बाल्सा ओल धरतं. जुलैत तोललेलं विमान मार्चमध्ये पुन्हा तोला. घाटाखाली मे महिन्यात विमान बंद गाडीत ठेवू नका, मढवलेली फिल्म सैल पडते, बॅटरी फुगते. काळ्या जमिनीच्या भेगांत लहान चाक अडकतं, तेव्हा चाकं मोठी घ्या, आणि ती पुढं असतात, त्यांचं वजन कामाला येतं.

आणि नियम. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाची स्वतंत्र व्याख्या आहे. शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. सरकारी नकाशात आपली जागा कुठल्या रंगात येते ते आधी पाहा. लोणारच्या सरोवरावर, ज्ञानगंगेच्या जंगलावर नको. शेगावला गर्दीवर तर मुळीच नको. सहा-सात किलोची वस्तू आहे, पुढं लाकडी पंखा फिरतो आहे. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, याबद्दल खूप बोलायचं होतं, पण...

काचेपलीकडून खूण झाली, एक मिनिट उरलं आहे.

चिखलीच्या दोन बहिणी सध्या कब बांधताहेत. त्यांच्या आजोबांच्या गोठ्यात टेबल मांडलं आहे. परवा गेलो तेव्हा धड तयार होतं, पंख मढवून झाले होते. शेपूट भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ११८ ग्रॅम. त्याखाली खोडून, १०९. त्याखाली खोडून, १०३. धाकटी म्हणाली, "काका, अजून कडा घासायच्या राहिल्यात." आजोबा दारात बसले होते. त्यांनी आयुष्यभर बंडी हाकलेली. त्यांना मी काही समजावून सांगितलं नव्हतं. ते उठले, धडाचं नाक दोन्ही हातांनी धरून हळूच उचलून बघितलं आणि म्हणाले, "अजून उलाय आहे."