पाहण्याची कादंबरी, ऐकण्याची कादंबरी



छापील ग्रंथांच्या शेजारी ध्वनिमुद्रित ग्रंथ येऊन बसले, तेव्हापासून एक समजूत रूढ झाली आहे. कादंबरी डोळ्यांनी वाचा अथवा कानांनी ऐका, मजकूर तोच, असे मानले जाते. बहुतेक कादंबऱ्यांपुरते ते खरेही आहे. परंतु पानावरील अक्षरांची मांडणी हाच ज्या कादंबरीत कथेचा भाग असतो, तेथे ही समजूत अपुरी पडते. आल्फ्रेड बेस्टर या अमेरिकन लेखकाच्या दोन विज्ञानकादंबऱ्या या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

‘द डिमॉलिश्ड मॅन’ ही कादंबरी १९५२ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९५३ मध्ये तिला पहिला ह्यूगो पुरस्कार लाभला. तिच्यातील भविष्यकालीन समाजात दुसऱ्याच्या मनातले जाणणारी माणसे आहेत. त्यामुळे खुनाचा बेत लपवणे जवळजवळ अशक्य झाले आहे. या मनोज्ञांच्या मेजवानीत तोंडाने कोणी बोलत नाही. अनेकांचे विचार एकाच क्षणी परस्परांत गुंफले जातात. बेस्टरने ते पानावर टोपलीच्या विणीसारखे मांडले. डोळा आधी सारी नक्षी पाहतो आणि मग हवा तो धागा पकडतो. कानाला ही मुभा नाही. शब्द एकामागून एकच येतात. सर्व आवाज एकदम ऐकवावेत, तर नक्षीचा गलबला होतो. पात्रांच्या नावांचेही तसेच. ‘@किन्स’ किंवा ‘¼मेन’ ही नावे पाहताच वाचक हसतो. ऐकणाऱ्याला मात्र ती ॲटकिन्स आणि क्वार्टरमेन अशी चारचौघांसारखीच वाटतात.

येथे पारडे छापील पानाकडे झुकते खरे. पण त्याच कादंबरीत उलट बाजूही आहे. बेन राइख हा धनाढ्य उद्योगपती खुनाचा बेत मनोज्ञांपासून लपवण्यासाठी एक चटकदार जाहिरातगीत मुद्दाम डोक्यात घोळवत ठेवतो. छापील ओळींना चाल लावण्याचे काम वाचकालाच करावे लागते. कुशल वाचकाच्या आवाजात तेच गीत ऐकणाऱ्याच्या मनात ठाण मांडून बसते, आणि राइखची युक्ती का सफल व्हावी हे त्याला स्वानुभवाने कळते.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘टायगर! टायगर!’ या नावाने आलेली दुसरी कादंबरी अमेरिकेत ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ म्हणून ओळखली जाते. तिचा नायक गली फॉइल जळत्या कॅथेड्रलमध्ये सापडतो, आणि त्याच्या इंद्रियांची अदलाबदल होते. त्याला ध्वनी दिसू लागतो, स्पर्शाची चव लागते. बेस्टरने येथे शब्दांनाच आकार दिले. नायकाला जसा आवाज दिसतो, तसाच तो वाचकालाही दिसतो. ध्वनिमुद्रणात मात्र दृश्य झालेला हा ध्वनी पुन्हा नुसता ध्वनी होतो. शब्द एकही गळत नाही, तरी प्रसंगाचा गाभा निसटतो.

मराठी मनाला हा भेद अपरिचित नाही. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण टाळलेले आहेत. त्याची गंमत मोठ्याने म्हणताना ओठांना कळते. कमळाच्या पाकळ्यांत अक्षरे बसवणारा संस्कृतातील पद्मबंध मात्र रेखाटून दाखवल्यावाचून पुरता उलगडत नाही. श्रवण आणि दर्शन यांचे मान आपल्या परंपरेने निरनिराळे ओळखले होते.

मग ग्रंथालयाने काय करावे? अशा कादंबऱ्या ऐकू नयेत, पाहाव्यातच, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याची दृष्टी गेली आहे, त्याच्यासाठी हा उपदेश म्हणजे बंद दार होय. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा दिली गेली. दृष्टिहीनांना ग्रंथ मिळावेत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. दार उघडले आहे. आत काय ठेवायचे, हे ग्रंथालयांनी ठरवावयाचे आहे.

त्यासाठी ध्वनिमुद्रणाकडे छापील ग्रंथाची सावली म्हणून पाहणे सोडले पाहिजे. वाचणाऱ्याने विणीचे पान आले की, ‘येथे विचार आडवे-उभे गुंफलेले आहेत’, असे एका वाक्यात सांगावे. नावातले चिन्ह पहिल्या वेळी उलगडून द्यावे. फॉइलच्या प्रसंगात शब्दांनी घेतलेला आकार कोणता, ते आधी कळवावे. एवढ्याने पान डोळ्यांपुढे उभे राहणार नाही. पण तेथे काही होते हे तरी ऐकणाऱ्याला कळेल, आणि जे आपल्याला दिसत नाही ते इतरांनी गुपचूप वगळले, असे त्याला वाटणार नाही.

छापील प्रत आणि ध्वनिमुद्रण एकाच कपाटात शेजारी असावे. डोळस वाचकाने कधी डोळे मिटून ते गीत ऐकावे, आणि दृष्टिहीन वाचकाला कोणीतरी पानावरची नक्षी बोटाने तळहातावर काढून दाखवावी. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या वास्तूला दुसऱ्या शतकासाठी याहून योग्य काम कोणते असू शकेल?