बाउ, बाहू आणि राब

कोड लिहिताना आपण रोज ‘ब्रँच’ काढतो. तिचं मूळ लॅटिन ‘ब्रांका’, म्हणजे प्राण्याचा पंजा. पण जाड फांदीला इंग्रजीत अजून एक शब्द आहे, ‘बाउ’. स्पेलिंगमध्ये शेवटी जीएच, तेही गप्प. जुन्या इंग्रजीत त्याचे अर्थ दोन: फांदी आणि खांदा. संस्कृत ‘बाहू’ त्याचा चुलत भाऊ. दोघांचं मूळ एकच.

आपल्याकडेही तसंच. संस्कृत ‘स्कंध’ म्हणजे खांदा, आणि झाडाला फांद्या फुटतात तो भागही. त्यातूनच आपला ‘खांदा’ आला आणि फांदीसाठी ‘खांदी’.

आता शहापूर-मुरबाडला या. भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात, तो राब. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, झाड उभं ठेवायचं. ते पुन्हा फुटतं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि या छाटणीवर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातून तक्रारी इतक्या झाल्या, की १८८५ मध्ये सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. फांदी कोणाची, हा प्रश्न भाताचा होता, पोटाचा होता.

राब कमी झाला की त्याचे शब्दही जातात. तेव्हा मोबाईल हातात आहेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फांदीचे शब्द विचारा, रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!