मुलांची दृष्टी आणि ऐकीव उपाय

मुलाला चष्मा लागला की पूर्वी घरची मंडळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपाय विचारीत. आता ती समाजमाध्यमांवर शोधतात. मध, गुलाबपाणी, डोळे फिरवण्याचे व्यायाम असे नाना उपाय तेथे हमी देऊन सांगितले जातात. मध डोळ्यांत घातल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि कोणत्याही व्यायामाने डोळ्याची वाढलेली लांबी कमी होत नाही.

परंतु खरी हानी होते ती वेळेची. तिरळेपणामुळे किंवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरांतील तफावतीमुळे मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हे उपचार साधारणतः 7 वर्षांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. छायाचित्रात बाहुली पांढरी चमकली, तर मुळीच विलंब करू नये. ती क्वचित दृष्टिपटलाच्या कर्करोगाची खूण असते.

समाजमाध्यमांवरील सर्वच सल्ले त्याज्य नव्हेत. मुलांनी रोज उघड्यावर खेळावे, हा सल्ला शास्त्रसंमत आहे. तथापि ऐकीव उपाय करून पाहण्यात महिने दवडण्यापूर्वी पालकांनी मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, हेच हिताचे.