गाठ धरणारी दोरी

रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर राजिम आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तेथे संगम होतो, आणि माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन-तीन कुटुंबे मिळून त्या यात्रेस गेलो होतो. काठच्या एका आमराईत ताडपत्री ताणली, आणि तिच्याखाली दोन झाडांच्या मध्ये नातवासाठी कापडी झोळी बांधली. दोरी त्याच सकाळी विकत घेतलेली होती. पिवळीजर्द, गुळगुळीत, आणि दुकानदाराच्या शब्दांत सांगायचे तर हत्ती बांधला तरी न तुटणारी.

मध्यरात्री वारा सुटला. ताडपत्री फडफडू लागली, तणावे एकामागून एक सैल पडले, आणि मी उठून पाहतो तो झोळी हळूहळू खाली येत चाललेली. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर असतानाच मुलाला उचलले, म्हणून निभावले. दोरी तुटली असती, तर सारा दोष दुकानदाराच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. पण दोरी अखंड होती. सुटली होती ती गाठ, आणि ती मी बांधलेली होती.

शेजारच्या तळावरील एका वृद्ध शेतकऱ्याने आपली दोरी आणून दिली. आपण जिला अंबाडी म्हणतो तिला छत्तीसगढात पटवा म्हणतात. तिच्या सालीचा वाख ढेरा नावाच्या लाकडी फिरकीवर पिळून तेथील शेतकरी घरीच दोर वळतात. त्या खरखरीत दोरीची निरगाठ पहाटेपर्यंत तसूभर सरकली नाही. मात्र दवाने भिजून ती आखडली आणि एक मेख उपटून आली! वनस्पतीच्या तंतूंचा हा स्वभावच आहे. ते पाणी पिऊन फुगतात आणि दोर लांबीने आटतो. म्हणूनच पावसाची चिन्हे दिसताच तंबूचे तणावे सैल करण्याची जुनी रीत होती. शिवाय असा दोर ओला राहिला, तर कुजतो.

त्या रात्रीपासून मी दोरीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. गाठ टिकते ती घर्षणाच्या बळावर. दोरीचा एक वेढा दुसऱ्यास दाबतो आणि ओढ वाढेल तशी पकडही वाढते. त्यासाठी दोरीचे अंग थोडे खरखरीत हवे, आणि गाठीत नीट बसण्याइतके लवचीकही हवे. बाजारात जिला सरसकट प्लॅस्टिकची दोरी म्हणतात ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती हलकी व स्वस्त, पण निसरडी, आणि उन्हाने लवकर ठिसूळ होणारी. नायलॉन बळकट खरे, परंतु ते ताणले जाते आणि भिजल्यावर अधिकच सैलावते. तणाव्यांसाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची, विणलेल्या आवरणाची पॉलिएस्टरची दोरी मला सर्वांत भरवशाची वाटते. ती फारशी ताणत नाही, उन्हाला टिकते आणि गाठ धरते. अलीकडे डायनीमासारख्या तंतूंच्या दोऱ्या मिळतात. जाडीच्या मानाने त्यांचे बळ विलक्षण असते, पण त्या इतक्या गुळगुळीत असतात की नेहमीची गाठ त्यांच्यावर विसंबून ठेवू नये.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा आहे. दोरीला एक साधी गाठ मारून ती ओढावी आणि मग मधल्या छिद्राकडे पाहावे. छिद्र दोरीच्या जाडीहून फार मोठे राहिले, तर दोरी ताठर आहे, ती गाठ धरणार नाही. गिर्यारोहणाच्या दोरांची परीक्षाही अशाच रीतीने होते. दहा किलोंच्या ओढीने घट्ट केलेल्या गाठीचे छिद्र दोराच्या जाडीच्या १.१ पटीहून मोठे चालत नाही.

झोळीच्या बाबतीत आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक बाजूवर झोपणाराच्या वजनाइतकी ओढ येते. तोच दोर जवळजवळ सरळ, १० अंशांवर ताणला, तर ती ओढ वजनाच्या जवळजवळ तिप्पट होते. ७० किलोंच्या माणसासाठी दोन्हीकडे दोनदोनशे किलोंची! त्यात गाठीमुळे दोराचे बळ घटते, कित्येकदा निम्म्यावर येते. म्हणून झोळी थोडी सैल बांधावी, दोर चांगला जाड घ्यावा, निसरड्या दोरीला एक वेढा अधिक द्यावा आणि गाठीबाहेरचे टोक बोटभर तरी लांब ठेवावे. सुरगाठ तणाव्याला शोभते, कारण ती वेळेवर सोडता येते. ज्यावर माणूस झोपणार, तेथे तिचे काम नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी काहीशा कुत्सितपणे म्हणतो. पण दोरीच्या अंगी तो हट्ट असलेलाच बरा. त्या रात्रीनंतर मी दोरी घेताना ती किती किलो पेलते हे मागाहून विचारतो. आधी तिला एक गाठ मारून पाहतो.