डब्यांवरील चिठ्ठ्या

गोत्रीतील एखाद्या मराठी घराचे फडताळ डोळ्यांपुढे आणावे. डबे एकाच मापाचे. चिठ्ठी वाचल्यावाचून साबुदाणा कोठे, रवा कोठे, हे उमगत नाही. त्याच घरातील संगणकात लिनक्स असेल, तर तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, असेच फडताळ असते. सारख्या वस्तूंसाठी स्मृतीचे ठराविक मापाचे कप्पे राखून ठेवण्याची ही युक्ती जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सोलॅरिस प्रणालीच्या निमित्ताने मांडली.

श्रोतेहो, लिनक्समध्ये अशा प्रत्येक साठ्याला नाव असते. ‘केमॅलॉक-६४’ हे नाव केवळ माप सांगते, चौसष्ट बाइट. ‘डेन्ट्री’ हे मात्र आत फायलींच्या नावांच्या नोंदी आहेत, असे सांगते. स्मृती कोण गिळतो, याचा शोध घेणाऱ्यास दुसऱ्या तऱ्हेचे नावच तारते. नावात मोकळी जागा मात्र नसावी. नाही तर साठ्यांचा तक्ता वाचणारी साधने पुढचे आकडे भलत्याच रकान्यात धरतात.

खरी गोम निराळीच आहे. काटकसरीपायी लिनक्स सारख्या मापाचे साठे एकत्र करते, आणि चिठ्ठी राहते आधी आलेल्याची. वर नाव साखरेचे, आत रवाही! चोख हिशेब हवा असल्यास संगणक सुरू करतानाच ‘स्लॅब_नोमर्ज’ अशी सूचना द्यावी लागते.