स्किड लोडरचं थकलेलं इंजिन

अमेरिकेत, मिनेसोटामध्ये, १९५०च्या दशकात केलर बंधूंनी टर्कीच्या शेडमधली घाण उपसायला एक छोटं लोडर बनवलं. त्यातूनच पुढे स्किड लोडर आला. धूळ त्याच्या पाचवीलाच पुजलेली! एअर फिल्टरच्या फटीतून ती आत शिरते आणि रिंगा, लायनर झिजवते. मग निळा धूर, ऑईलचा खप.

पण लगेच इंजिन बदलू नका. आधी कॉम्प्रेशन तपासा. ब्लॉक शाबूत असेल तर नवे लायनर, पिस्टन, बेअरिंग टाकून इंजिन पुन्हा उभं राहतं. ब्लॉकला तडा असेल तर मात्र इंजिन बदलणंच बरं. क्रँक मापून घ्याच. डोळ्यांना झीज दिसत नाही. आणि हे काम करताना वर उचललेल्या बूमखाली, तिला आधाराचा लॉक लावल्याशिवाय, कृपा करून कुणी जाऊ नका.