मोजपट्टी आखूड पडते तेव्हां

आज वार कोणता, शंभरांतून सात वजा केले तर उरतात किती, अशा प्रश्नांची तीस गुणांची चाचणी फोल्स्टीन पतिपत्नी व मॅक्ह्यू यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केली. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीं ती उपयोगी पडते. व्याधि बळावली म्हणजे मात्र कागदावर शून्य उमटतें, आणि घरचीं माणसें समजतात कीं, आंत आतां कांहींच उरलें नाहीं. हा तर्क चुकीचा आहे. तेथें मोजपट्टी आखूड पडलेली असते.

अशा रोग्यांसाठीं ‘सिव्हिअर इम्पेअरमेंट बॅटरी’ ही शंभर गुणांची चाचणी आहे. परीक्षक आधीं हस्तांदोलनासाठीं हात पुढें करतो. रोग्यानें तो हातीं घेतला कीं गुण मिळतो. पाठीमागून नांवानें हाक मारल्यास तो वळतो कीं काय, हें पाहतात. चमच्याचें नांव आठवलें नाहीं, तरी तो कसा वापरावा हें हातानें दाखवितां आलें तर तेंहि जमेस धरतात. सूचना लहान, आणि सोबत हातवारे. अर्थात् चष्मा उशाशींच राहिला, किंवा प्रश्न परक्या भाषेंत विचारले, तर हीहि चाचणी फसते!

ज्या आजींना चमचा असा वापरतां आला, त्यांना घरीं कोणी घाईनें भरवीत असेल, तर आतां चमचा त्यांच्याच हातीं द्यावा. जेवणास अर्धा तास अधिक लागेल.